जुनी ट्रॅक्टर ट्रॉली घरच्या घरी नीट करायची तर

मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गळीत संपतं, आणि ऊसपट्ट्यात जुन्या ट्रॉल्या विकायला निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, कुठेही फिरा, रस्त्याकडेला एखादी तरी उभी दिसतेच. तिथून पेरणीपर्यंतचे दीड-दोन महिने या कामासाठी सगळ्यांत चांगले. हवा कोरडी असते, रंग लवकर वाळतो आणि ट्रॉलीवाचून काम अडत नाही. घरात आधीच एखादी गंजत पडली असेल तर तिच्यासाठीही हाच मोसम.

नवीन माणसाची नजर पहिल्यांदा रंगावर आणि पत्र्यावर जाते. माझं सांगणं याच्या उलट आहे. पैसा आणि वेळ आधी खाली घाला: दांडी (ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा त्रिकोण), ॲक्सल, हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग). मग मागचे लाइट आणि रेडियम. पत्रा त्यानंतर आणि रंग सगळ्यांत शेवटी. गंजलेल्या पत्र्याच्या ट्रॉलीनं आजवर कुणाचा जीव घेतला नाही. दांडीच्या टोकाच्या तुटलेल्या कडीनं आणि अंधारात न दिसलेल्या फाळक्यानं, म्हणजे मागच्या उघडत्या झडपेनं, मात्र घेतलेला आहे.

हा लेख दोन चाकी टिपिंग ट्रॉली, म्हणजे माल भरायचा हौदा जॅकनं उचलून रिकामा करता येतो ती, समोर ठेवून लिहिला आहे, कारण घरी पेलण्यासारखी तीच. चार चाकी ट्रॉलीला पुढचा फिरता पाट आणि कमानपाटे वाढतात, बाकी काम तेच.

घेण्याआधी

आधी कागद. ट्रेलरची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, त्याचं आरसी पुस्तक वेगळं असतं. चेसिस नंबर चॅनलवर ठोकलेला किंवा पट्टीवर असतो. तारेच्या ब्रशनं ती जागा साफ करा आणि नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नंबर दिसत नसेल किंवा जुळत नसेल तर ट्रॉली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणजे दुरुस्ती जरूर करा, पण हौदा लांबवणं, बाजू फूटभर उंचावणं हे दुरुस्तीत येत नाही. उंच केलेल्या बाजूंमुळे जास्तीचा माल बसतो, पण खालचा ॲक्सल होता तेवढाच राहतो.

मग हातोडी घ्या. चेसिसच्या दोन्ही मुख्य चॅनलवर वीतभर अंतरानं ठोकत जा. चांगलं लोखंड खणकन वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथं जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. गंज तीन ठिकाणी हमखास सापडतो: तळाचा पत्रा आडव्या चॅनलवर जिथं टेकतो तिथं, फाळक्याच्या बिजागरीपाशी आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत. शेणखत आणि युरिया या कोपऱ्यांत साचून राहतात, ओल धरतात आणि लोखंड खातात. आडवे चॅनल बदलता येतात, बाजूचा पत्रा बदलता येतो. मुख्य चॅनल ॲक्सलच्या जागेवरच सडला असेल तर ती ट्रॉली भंगाराच्या वजनानंसुद्धा विचार करूनच घ्यावी.

शेवटी एक माप. दांडीच्या कडीच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत दोरी ताणा, मग उजव्या टोकापर्यंत. दोन्ही मापं सारखी हवीत. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर ॲक्सल सरकलेला आहे किंवा चेसिस वाकली आहे. अशी ट्रॉली तिरकी ओढली जाते आणि नवे टायरही एका कडेनं घासून संपवते. टायर आधीच एका बाजूनं झिजलेले दिसले तर हे माप घेतल्याशिवाय बोलणी करू नका.

उभी कशी करायची

या कामात माणसं दगावतात ती बहुतेक इथेच, म्हणून हा भाग घाईनं वाचू नका.

दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की तिचा तोल ॲक्सलवर असतो. पुढचा पत्रा कापून काढला किंवा कुणी मागच्या टोकावर चढलं तर ती मागे कलंडते आणि दांडी झटक्यात वर येते. म्हणून काम सुरू करण्याआधी दांडीखाली भक्कम स्टँड आणि चेसिसच्या मागच्या टोकाखाली लाकडी ओंडक्यांची रास, दोन्ही लावा. जमीन मुरमाड, कडक हवी. शेतातल्या भुसभुशीत जागेत जॅक हळूहळू रुततो.

चाक काढायचं तर नट थोडे सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून मोठे दगड लावा. मग जॅकनं उचला, चेसिसखाली ओंडके घाला आणि वजन ओंडक्यांवर सोडा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते सूचना न देता फुटतात.

हौदा वर करून खाली काम करायचं असेल तर याहून कडक नियम. हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर उचललेल्या हौद्याखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. होज फुटला किंवा पोरानं ट्रॅक्टरवर बसून लिव्हर हलवला तर पाचशे-सातशे किलोंचा रिकामा हौदा क्षणात खाली येतो. लोखंडी टेकू चेसिस आणि हौदा यांच्यामध्ये उभा करा, हौदा त्यावर पूर्ण टेकवा, ट्रॅक्टर बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पुष्कळ ट्रॉल्यांना टेकू नसतोच. तुमच्याही ट्रॉलीला नसेल तर या दुरुस्तीतलं पहिलं वेल्डिंग त्याचंच करून घ्या.

दांडी, कडी आणि पिन

दांडीचा त्रिकोण जिथं चेसिसला जोडलेला असतो तिथं आणि कडीच्या मुळाशी बारीक तडे जातात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. त्यासाठी गावठी पण पक्की पद्धत आहे. जागा तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. फडक्यानं खडखडीत पुसा आणि वरून खडूची पूड किंवा चुन्याचा पातळ हात द्या. थोड्या वेळानं तड्यात शिरलेलं डिझेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. हीच परीक्षा ॲक्सल चेसिसला जिथं बसतो त्या ब्रॅकेटांवरही करा.

तडा सापडला तर त्यावर नुसता रॉड फिरवून चालत नाही. तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग ग्राइंडरनं तडा खोल खरवडून तो भरतात आणि वर पट्टी चढवतात. पट्टी चौकोनी नको, शंकरपाळ्याच्या आकाराची हवी. चौकोनी पट्टीचा आडवा जोड चॅनलला नेमका तिथंच पुन्हा तोडतो.

आता माझं स्पष्ट मत. हे वेल्डिंग पहिल्यांदा रॉड हातात धरणाऱ्यानं करू नये. दांडी, कडी आणि ॲक्सलचे ब्रॅकेट चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. अशा जोडांना ७०१८ रॉड वापरतात आणि तो कोरडा, भट्टीत गरम केलेला लागतो. तुमचा हात बसवायला फाळके आणि पत्रा आहेतच.

कडीचं भोक अंडाकृती झालं असेल किंवा आतली कड झिजून पातळ झाली असेल तर कडी बदला. भर टाकून गोल करत बसू नका. पिन योग्य जाडीची, डोक्याची आणि खाली लॉक लागणारी हवी. सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट पिन म्हणून चालवणारे पुष्कळ दिसतात. खड्ड्यात ट्रॉली उसळली की लॉक नसलेली पिन वर सरकते आणि निघते. पिनेच्या जोडीला दोन साखळ्या द्या, दांडीखालून फुलीसारख्या. पिन निसटली तरी दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. जोडट्रॉली ओढायची असेल तर पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूकही याच कसोट्यांवर तपासा, कारण दुसऱ्या ट्रॉलीची सगळी ओढ त्याच्यावर येते.

हब आणि बेअरिंग

वर्षानुवर्षं न उघडलेला हब म्हणजे काळं, कडक झालेलं ग्रीस, त्यात शिरलेलं पाणी आणि माती. हे काम घरी सहज जमतं आणि जुन्या ट्रॉलीचं आयुष्य यानंच सर्वांत जास्त वाढतं.

चाक काढल्यावर हबची टोपी हळूहळू ठोकून सैल करा. आत नटात दुमडलेली स्प्लिट पिन असेल. ती सरळ करून काढा आणि फेकून द्या, पुन्हा वापरायची नाही. नट आणि वॉशर काढून हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. हब पूर्ण निघाला की मागच्या बाजूला ऑइल सील आणि आतलं मोठं बेअरिंग असतं. डाव्या-उजव्या हबचे भाग वेगवेगळ्या पाट्यांत ठेवा, मिसळू नका.

बेअरिंग डिझेलमध्ये ब्रशनं धुवा आणि फडक्यावर वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगर फिरवू नका, कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर खराब होतं आणि सुटलं तर इजा करतं. आता उजेडात एकेक रोलर पाहा. टोचल्यासारखे खड्डे, सोललेली जागा, निळसर झाक यांतलं काहीही दिसलं तर बेअरिंग गेलं. निळसर रंग म्हणजे ते कधीतरी तापलं होतं. हबमध्ये बसलेल्या बाहेरच्या कडीवर नख फिरवा, नख अडकलं तर तीही गेली. आतला कोन आणि बाहेरची कडी नेहमी जोडीनंच बदलायची. जुन्या कडीवर नवं बेअरिंग बसवलं तर ते फार दिवस टिकत नाही. नंबर बेअरिंगच्या तोंडावर कोरलेला असतो. तो लिहून नेण्यापेक्षा जुनं बेअरिंगच दुकानात घेऊन जा. ऑइल सील दरवेळी नवं घ्या आणि जुनं ज्या तोंडानं होतं त्याच तोंडानं बसवा.

ग्रीस लिथियमचं, बाजारात एपी-३ म्हणून मिळतं ते चालतं. जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा, दोन जातींची ग्रीस एकत्र करू नका. ग्रीस बेअरिंगला बाहेरून चोपडायचं नसतं, आत भरायचं असतं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. बेअरिंग उजव्या हातात धरून त्याची रुंद कड तळहाताच्या कडेशी, गोळ्यावर दाबत, खुडत आणा. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं. मग वरच्या अरुंद बाजूनं दोन रोलरांच्या फटीतून ग्रीसचे बारीक किडे बाहेर येऊ लागतात. तेवढा भाग भरला. बेअरिंग थोडं फिरवा, पुढचा भाग घ्या, सगळी फेरी पूर्ण करा. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते फार तर अर्धीच जागा भरा. ठासून भरलेलं ग्रीस तापतं, फुगतं आणि सील ढकलून बाहेर येतं.

नट आवळणं ही खरी खुबी. एका हातानं हब फिरवत राहा आणि दुसऱ्यानं नट आवळत जा. हब जड फिरू लागला की थांबा, बेअरिंग जागेवर बसलं. आता नट सैल करा, पण पाव वेढ्याच्या आतच, आणि खाच भोकासमोर आली की नवी स्प्लिट पिन घालून टोकं दुमडा. चाक चढवल्यावर टायर वरून आणि खालून धरून हलवा. जेमतेम जाणवेल एवढाच खेळ हवा. खडखड ऐकू आली तर ढिलं आहे, चाक हातानं सहज फिरत नसेल तर घट्ट आहे.

टायर

सोळा इंची रिमवर ७.५०-१६ किंवा ९.००-१६, वीस इंचीवर ट्रकचे ९.००-२० किंवा १०.००-२०, असे टायर सहसा आढळतात. दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे लावा. नक्षी पाहून भुलू नका. बगलेवरच्या भेगा पाहा, आणि बगलेवर चार आकडी शिक्का असेल तर त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. हवेचा दाबही टायरवर छापलेल्या मर्यादेतच ठेवा.

वीस इंची ट्रकच्या रिमला बहुतेक वेळा लॉक रिंग असते. ती नीट न बसता हवा भरली तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. हे काम घरी कॉम्प्रेसर असला तरी करू नका, पिंजरा किंवा साखळी लावून हवा भरणाऱ्या टायरवाल्याकडेच न्या. आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही नाही, हवा सोडलेली असली तरी नाही. उष्णतेनं टायरच्या आत वायू तयार होतो आणि टायर फुटतो.

पत्रा आणि वेल्डिंग

तळाला ४ मिलिमीटर आणि बाजूंना ३ मिलिमीटर पत्रा घरगुती शेतीकामाला पुरतो. दगड-मुरूम वाहणार असाल तर तळ ५ चा घ्या. पण वजनाचा हिशेब करा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. दहा फूट बाय सहा फूट तळाला ४ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे सुमारे १७५ किलो, आणि पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ४४ किलो वाढतात. तेवढा माल कमी भरायचा, किंवा तेवढा बोजा हबवर जास्त.

जुना पत्रा काढला की आडव्या चॅनलची वरची बाजू उघडी पडते. ही संधी पुन्हा येत नाही. ती घासून चकचकीत करा आणि नवा पत्रा टाकण्याआधी तिला प्रायमर द्या, फक्त वेल्डची जागा मोकळी सोडा. पत्रा एका सरळ रेघेत सलग जोडत गेलात तर तापून पापडासारखा वाकतो. दोन इंच वेल्ड, चार इंच मोकळं, आणि तेही या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असं करत जा. पत्र्यासाठी ६०१३ चा अडीच मिलिमीटर रॉड, ६० ते ९० अँपिअर. चॅनलला ३.१५ चा रॉड, शंभरच्या वर. चारही कोपऱ्यांत बोट जाईल एवढी भोकं ठेवा, धुतलेलं पाणी निघून जाईल.

अर्थचा चिमटा नेहमी वेल्डच्या जवळ, त्याच तुकड्यावर लावा. चिमटा चाकाला किंवा ॲक्सलला लावून हौद्यावर वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरांवर बारीक खड्डे पाडतो, म्हणजे वरची सगळी मेहनत पाण्यात. ट्रॅक्टर आधीच सोडून लांब उभा करा. हायड्रॉलिकच्या होजवर ओलं गोणपाट टाका. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बूट, हातमोजे आणि काच असलेला मास्क एवढं हवंच. जुना रंग वेल्डच्या जागेपासून दोन इंच खरवडून टाका, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका.

टिपिंगच्या जॅकच्या दांड्यावर ओरखडे किंवा गंजाचे ठिपके असतील तर नुसती सील किट बदलून गळती थांबत नाही. दांडा स्वच्छ असेल तर किट बदलून घ्या, पण जॅक खोलायचं काम हायड्रॉलिकवाल्यावर सोडा.

मागे काय दिसतं

गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकल्याची बातमी दरवर्षी वाचावी लागते. मागून येणाऱ्याला अंधारात दिसतो तो फक्त काळा ढीग, तोही अगदी जवळ आल्यावर. यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्याला काहीच सबब नाही.

मागे लाल, बाजूंना पिवळं, पुढे पांढरं रेडियम. मागच्या दोन्ही टोकांना लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. फाळका उघडल्यावर खाली लोंबतो आणि रेडियम झाकतो, म्हणून थोडं रेडियम चेसिसच्या मागच्या आडव्या चॅनलवरही लावा. घाणीवर ते चिकटत नाही. रंग पूर्ण वाळला की थिनरनं पुसून लावा आणि हंगामात चिखल धुवायला एक ओलं फडकं ट्रॅक्टरवर ठेवा.

लाइटसाठी सात पिनांचं सॉकेट घ्या. पिना ठरलेल्या असतात: एक डावा इंडिकेटर, तीन अर्थ, चार उजवा इंडिकेटर, पाच उजवा टेल, सहा ब्रेक, सात डावा टेल. दोन नंबर बहुधा मोकळीच राहते. तारांच्या रंगावर भरवसा ठेवू नका, आधीच्या मालकानं मिळेल ती तार जोडलेली असते. टेस्ट लॅम्पनं एकेक पिन तपासा. अर्थसाठी स्वतंत्र तार ओढा, दांडी-पिनेतून मिळणारा अर्थ गंजामुळे येतो-जातो आणि लाइट लुकलुकतात. एलईडी दिवे हादऱ्यात टिकतात. तारा पाइपमधून न्या आणि दिव्यांभोवती पट्टीची जाळी करा, नाहीतर पहिल्याच खेपेला ऊस त्यांना तोडेल.

रंग

सोडा किंवा साबणाच्या पाण्यानं ग्रीस-तेल धुऊन काढा आणि वाळू द्या. ग्राइंडरला कप ब्रश लावून सुटा गंज काढा, डोळ्यांना गॉगल हवाच, कारण ब्रशच्या तारा सुटून उडतात. उघडं केलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे. रात्रीचा दव पडला की ते पुन्हा लालसर होतं. कोकणात तर तासाभरातच हात फिरवावा. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर एनॅमलचे दोन. मे महिन्यात दुपारी पत्रा तापलेला असताना रंग देऊ नका, ब्रश ओढला जातो आणि सुरकुत्या पडतात.

हौद्याच्या आत महागडा एनॅमल लावणं मला पटत नाही, दोन खेपांत खरवडून जातो. आत प्रायमर पुरे. तो पैसा हौद्याखाली काळ्या बिटुमिनस रंगावर घाला, ओल तिथूनच चढते. काळं इंजिन ऑइल चोपडण्याची सवय जुनी आहे, पण त्यावर पुढे कुठलाच रंग धरत नाही आणि टायरवर ओघळलं तर रबर खातं. चेसिस नंबरवर जाड रंग चढवू नका आणि बाहेरचा रंग आरसीत लिहिलेलाच ठेवा.

पहिली फेरी

पहिल्यांदा रिकामी न्या, चार-पाच किलोमीटर, सावकाश. थांबून दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे किंवा ग्रीस कमी आहे, तसंच पुढे जाऊ नका. मग निम्मा माल भरा, वजन ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवा. सगळा माल मागे गेला तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. दोन चाकी ट्रॉलीला बहुतेक ब्रेक नसतात, थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरचं, हे उतारावर ध्यानात असू द्या.

चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीनं आवळलेले असले तरी पहिल्या भरलेल्या खेपेनंतर आणि पुन्हा चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर आवळा. नव्या रंगाचा थर नटाखाली दबतो आणि नट सैल पडतात. पावसाळ्यात ट्रॉली ओढ्या-नाल्यातून गेली, हब पाण्यात बुडाले, तर दिवाळीआधी एकदा टोपी काढून ग्रीस पाहा. दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलं आहे, हब पुन्हा उघडा, सील बदला आणि मगच ऊस भरायला न्या.